बाहेर गारवा, आत एसी

एप्रिलमध्ये पुण्यात दुपारचा पारा सरासरी ३८ अंशांच्या घरात असतो आणि पहाटे तोच २०-२१ अंशांवर उतरतो. नाशिकची तऱ्हाही जवळपास तीच. दख्खनच्या पठारावर हवा कोरडी, त्यामुळे सूर्य मावळला की जमीन भराभर निवते आणि रात्री गच्चीवर छान झुळूक लागते. त्याच इमारतीत खाली मात्र खिडक्या गच्च लावलेल्या, एसी २० वर आणि अंगावर दुलई! यात हौसेपेक्षा गैरसमजांचा वाटा मोठा आहे.

गैरसमज : खोलीत उकडतंय, म्हणजे बाहेरही उकडतच असणार.

वस्तुस्थिती : रात्रीचा उकाडा बराचसा भिंतींचा आणि स्लॅबचा असतो. काँक्रीट दिवसभर तापतं आणि ती उष्णता काही तास उशिराने आत सोडतं. पश्चिमेकडची भिंत रात्री नऊलाही हाताला कोमट लागते, ती यामुळेच. एसी हवा चटकन गार करतो, पण भिंत इतक्या लवकर निवत नाही. म्हणून तो बंद केला की थोड्याच वेळात पुन्हा घामाच्या धारा. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. वारा पडलेला असेल तर एका खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावावा. तो आतली गरम हवा बाहेर फेकतो आणि दुसऱ्या खिडकीतून गार हवा आत येते. डासांचा प्रश्न जाळीने सुटतो. हवा रात्रभर खेळती राहिली की भिंतीही निवतात. सकाळी ऊन चढण्याआधी खिडक्या-पडदे लावून घेतले, तर तो गारवा दुपारपर्यंत पुरतो.

गैरसमज : एसी बाहेरची ताजी हवा आत घेतो.

वस्तुस्थिती : घरगुती स्प्लिट एसी सहसा खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करत राहतो. भिंतीतल्या भोकातून बाहेर जातात त्या तांब्याच्या नळ्या, वायर आणि पाण्याचा पाइप. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्षात सुमारे ४२० भाग असतं. दोन माणसं झोपलेल्या बंद खोलीत ते पहाटेपर्यंत सहज हजारापुढे जातं. खोली कोंदट वाटते ती उगाच नव्हे.

गैरसमज : १६ वर लावला की खोली लवकर गार होते.

वस्तुस्थिती : रिमोटवरचा आकडा सांगतो तो कुठे थांबायचं ते, किती वेगाने जायचं ते नव्हे. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालतो, नाहीतर बंद असतो. इन्व्हर्टर एसीसुद्धा तापलेल्या खोलीत सुरुवातीला जोर लावतोच, मग आकडा १६ असो वा २४. फरक पडतो तो नंतर. १६ गाठण्यासाठी यंत्र रात्रभर झटत राहतं, आणि माणसं पहाटे गोधडी शोधतात. झोपेत शरीराचं तापमान आपोआप उतरतं आणि पहाटेच्या सुमाराला सर्वांत कमी असतं. ‘स्लीप मोड’ रात्री टप्प्याटप्प्याने आकडा वर नेतो, तो हे लक्षात घेऊनच.

गैरसमज : एसी असताना पंखा लावणं म्हणजे दुहेरी लाइट बिल.

वस्तुस्थिती : हिशोब उलटा आहे. साधा छताचा पंखा ७०-७५ वॉटचा, म्हणजे आठ तासांत जेमतेम ०.६ युनिट. दीड टनाच्या एसीचा कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालला, तर तासाभरातच दीड युनिटाच्या आसपास वीज जाते. वारा लागला की २६-२७ अंशही पुरेसे वाटतात. ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार आकडा एका अंशाने वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या घरगुती एसींमध्ये २४ अंश ही मूळ सेटिंग सक्तीची झाली. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. ३०० युनिटांची पायरी ओलांडली की पुढचं प्रत्येक युनिट अधिक महाग पडतं.

गैरसमज : पारा उतरला की एसीचं काम झालं.

वस्तुस्थिती : १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ही यंत्रणा आखली, ती दमटपणाने फुगणाऱ्या कागदाचा बंदोबस्त करायला. हवेतली ओल काढणं हे एसीचं तितकंच महत्त्वाचं काम आहे. बाहेर गारवा असताना मोठ्या क्षमतेचा साधा एसी ठरलेला आकडा चटकन गाठतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. पंखा मात्र ओल्या कॉइलवरून वारा सोडत राहतो आणि काढलेली ओल थोडी परत खोलीत येते. त्यामुळे खोली गार पण चिकट लागते. पावसाच्या तोंडावरच्या ढगाळ रात्री हे हमखास घडतं. तेव्हा आकडा आणखी खाली नेण्यापेक्षा ‘ड्राय मोड’ बरा.

गैरसमज : रात्रीचा एसी म्हणजे निव्वळ चैन.

वस्तुस्थिती : हे सगळीकडे खरं नाही. मुंबईत मे महिन्यात रात्रीही पारा सरासरी २७ अंशांच्या आसपास अडकतो आणि आर्द्रता सत्तरी ओलांडते. तिथे खिडकी उघडली की ओलच आत येते. विदर्भाची गोष्ट आणखी वेगळी. दिवसाचं कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून जास्त असताना किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी वर राहिलं, तर हवामान खातं त्याला ‘उष्ण रात्र’ म्हणतं. अशा रात्री तापलेल्या शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. वृद्ध, तान्ही मुलं आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना उष्माघाताचा धोका वाढतो. त्यांच्या खोलीत एसी २६ वर, जोडीला पंखा आणि उशाशी पाण्याचा तांब्या असावा. बिलाचा विचार बाकीच्या रात्रींसाठी ठेवावा.