विश्लेषण : पाणबुडी जपानची, नौका ब्रिटनची, मग साओ पावलो विद्यापीठाचा वाटा कोणता?

दक्षिण अटलांटिक महासागराच्या तळाशी, ४,२०४ मीटर खोलीवर, २०१३ मध्ये एका व्हेलच्या शेपटीकडील नऊ मणके सापडले. ते शोधणारी पाणबुडी जपानची होती. त्यावरील जीवांचा अभ्यास मांडणाऱ्या २०१६ मधील शोधनिबंधाचे नेतृत्व मात्र ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठाकडे होते. जपान आणि ब्रिटनबरोबरच्या अशा मोहिमांतून या विद्यापीठाच्या हाती जे लागले, त्याचा धागा आता ब्राझीलच्या सागरी हद्दीच्या दाव्यापर्यंत पोहोचला आहे.

विद्यापीठाकडे जहाज कशासाठी?

या विद्यापीठाची महासागरविज्ञान संस्था १९४६ मध्ये सुरू झाली आणि १९५१ मध्ये विद्यापीठात विलीन झाली. पहिले संचालक व्लादिमीर बेनार यांचे नाव दिलेली संशोधन नौका १९६७ पासून चार दशके चालली. १९८२-८३ मध्ये ब्राझीलच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेतही ती होती. २००८ मध्ये आग लागली आणि तिची कारकीर्द संपली. पुढची चार वर्षे संस्थेकडे खोल समुद्रात जाणारी स्वतःची नौका नव्हती. ज्याच्याकडे जहाज नाही, त्याला दुसऱ्याच्या जहाजावर जागा मिळेल तेव्हाच आणि ते जाईल तिकडेच जावे लागते.

२०१२ मध्ये ६४ मीटर लांबीची ‘अल्फा क्रूसिस’ आली. ती नवी नव्हती. हवाई विद्यापीठाने ‘मोआना वेव्ह’ नावाने वापरलेले हे जहाज साओ पावलो राज्याच्या संशोधन निधी संस्थेच्या (फापेस्प) पैशातून घेऊन दुरुस्त करण्यात आले. ब्राझीलच्या ध्वजावर साओ पावलो राज्याचे प्रतीक असलेल्या ताऱ्याचे नाव तिला मिळाले.

जपानी पाणबुडीत काय घडले?

‘शिंकाई ६५००’ ही तिघांना घेऊन साडेसहा हजार मीटरपर्यंत उतरणारी पाणबुडी. तशी ब्राझीलकडे नव्हती. २०१३ मध्ये ही पाणबुडी जगाच्या सफरीवर निघाली, तेव्हा दक्षिण अटलांटिकमधील टप्पा ब्राझीलच्या शास्त्रज्ञांसोबत आखला गेला. त्याला तुपी-ग्वारानी भाषेतले ‘इयाता-पिऊना’ हे नाव दिले गेले. अर्थ, खोल आणि काळोख्या पाण्यातला प्रवास.

मेलेला व्हेल तळाशी जातो तेव्हा अन्नाची टंचाई असलेल्या त्या भागात अनेक वर्षांची शिदोरी पोहोचते. हाडे पोखरून जगणारे किडे, गोगलगायी, खेकड्यांचे भाईबंद तिथे वस्ती करतात. सापडलेले मणके अंटार्क्टिक मिंक व्हेलचे निघाले. त्यांवर ४१ प्रकारचे जीव मिळाले, बहुतेक विज्ञानाला नवे. गंमत अशी, की या वस्तीचे साम्य हजारो किलोमीटर दूर असलेल्या प्रशांत महासागरातील वस्त्यांशी होते. म्हणजे हे जीव एका सांगाड्यावरून दुसऱ्यावर, पायऱ्या चढल्यासारखे, महासागर ओलांडत असावेत. पाणबुडी नमुने आणते. पण कोणता जीव नवा हे ठरवायला वर्षानुवर्षे सूक्ष्मदर्शकाखाली बसलेली माणसे लागतात. विद्यापीठाचा वाटा तो होता.

ग्रॅनाइटवरून एवढा गोंधळ का?

त्याच मोहिमेत किनाऱ्यापासून सुमारे १,२०० किलोमीटरवरील ‘रिओ ग्रांदे उंचवट्या’वर ग्रॅनाइट दिसल्याचे जाहीर झाले. महासागराचा तळ साधारणपणे बेसाल्टचा असतो. ग्रॅनाइट हा भूखंडाचा दगड. त्यामुळे जगभरच्या वृत्तपत्रांनी ‘ब्राझीलचा अटलांटिस’ असे मथळे दिले. मोजक्या नमुन्यांवर बुडालेला खंड उभा करणे ही अर्थातच उतावीळ होती.

पुढचे काम संथपणे झाले. ब्रिटनच्या राष्ट्रीय महासागरविज्ञान केंद्रासोबतच्या प्रकल्पात २०१८ मध्ये आधी ‘अल्फा क्रूसिस’ आणि त्याच वर्षी नंतर ब्रिटनची ‘डिस्कव्हरी’ नौका उंचवट्यावर गेली. लाव्हाच्या थरांमध्ये लाल माती सापडली. अशी माती उष्ण, दमट हवेत, उघड्या जमिनीवरच तयार होते. साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास तिथे ज्वालामुखीचे बेट असावे, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अटलांटिस नव्हे, पण कोरडी जमीन नक्की.

यात पैसा आणि राजकारण कुठे येते?

उंचवट्याच्या खडकांवर लोह-मँगनीजचे कवच आहे. दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढणाऱ्या या कवचात कोबाल्ट आणि टेल्युरियम असते. पहिला बॅटरीत लागतो, दुसरा सौर पॅनेलमध्ये. त्याच कठीण पृष्ठभागावर प्रवाळ आणि स्पंज वाढतात. कवच खरवडले की तेही जातात. त्यामुळे शास्त्रज्ञांनी तयार केलेले नकाशे खाणीची जागा ठरवायलाही उपयोगी आणि राखीव क्षेत्र ठरवायलाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायदा करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांत संशोधनासाठी किनारी देशाची संमती लागते, आणि त्या देशाला मोहिमेत सहभागाचा, नमुने व माहिती मिळवण्याचा हक्क असतो. रिओ ग्रांदे उंचवटा त्या हद्दीबाहेर आहे. तेथे ब्राझीलला विचारण्याचे बंधन परदेशी जहाजांवर नव्हते. तरीही निबंधांवर साओ पावलोचे नाव आले, ते नियमामुळे नव्हे. जहाज, निधी आणि तज्ज्ञ तिघेही तयार होते म्हणून.

ब्राझील सरकारची पावले मात्र एका सरळ रेषेत पडली नाहीत. नोव्हेंबर २०१५ मध्ये देशाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने याच उंचवट्यावर शोधकार्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी १५ वर्षांचा करार केला. म्हणजे हा तळ साऱ्या मानवजातीचा, हे मान्य केले. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने हाच उंचवटा आपल्या सागरमग्न खंडभूमीचा भाग असल्याचा सुधारित दावा संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे मांडला. जी जागा आपली म्हणायची, तीच भाडेपट्ट्याने घेतलेली, अशी ही अडचण. तो करार नंतर ब्राझीलने सोडून दिला.