अदृश्य नायकाची मालकी

विज्ञानकथेवर आधारित चित्रपटाचा पुढील भाग, म्हणजेच सिक्वेल, रखडला की त्याचा दोष बहुधा खर्चाला किंवा तंत्रज्ञानाला दिला जातो. ‘मिस्टर इंडिया’ या २५ मे १९८७ रोजी प्रदर्शित झालेल्या आणि मुंबईत घडलेल्या हिंदी चित्रपटाच्या पुढील भागाबाबत मात्र सर्वाधिक गाजलेला प्रश्न वेगळाच होता, तो म्हणजे या अदृश्य नायकावर हक्क नेमका कोणाचा.

बोनी कपूर यांची निर्मिती, शेखर कपूर यांचे दिग्दर्शन, सलीम–जावेद यांची पटकथा आणि जावेद अख्तर यांची गीते असलेल्या या चित्रपटात, वैज्ञानिक पित्याने तयार केलेले यंत्र मनगटावर बांधताच नायक दिसेनासा होतो आणि केवळ लाल प्रकाशात प्रकट होतो. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ मधील कादंबरीतील अदृश्य माणूस आपल्याच शोधाचा बळी ठरतो, तर येथे तीच कल्पना अनाथ मुलांच्या पालनकर्त्याच्या हाती येते. पीटर परेरा यांनी या चित्रपटाची चमत्कारदृश्ये साधली ती संगणकीय चित्रपरिणाम हिंदी चित्रपटांत रुळण्याच्या पुष्कळ आधी, त्यामुळे आजच्या तंत्राने पुढचा भाग करावा असे कोणालाही वाटणे स्वाभाविकच होते. खलनायक मोगॅम्बो साकारणारे अमरीश पुरी २००५ मध्ये आणि नायिका श्रीदेवी २०१८ मध्ये निवर्तल्याने मूळ संचातील दोन मोठे आधार मात्र २०२० पर्यंत नाहीसे झाले होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये दिग्दर्शक अली अब्बास जफर यांनी झी स्टुडिओजसह ‘मिस्टर इंडिया’वर तीन भागांची चित्रपटमालिका करण्याचे घोषित केले, तेव्हा आपल्याला कोणी विचारलेही नाही अशी जाहीर नाराजी शेखर कपूर यांनी व्यक्त केली, आणि नायक साकारणाऱ्या अनिल कपूर यांनाही कल्पना दिली गेली नसल्याचे त्यांची कन्या सोनम यांनी सांगितले. त्यावर कथा, प्रसंग, संवाद, गीते आणि शीर्षकसुद्धा दिग्दर्शकाचे नव्हते, मग त्याचा हक्क लेखकाहून अधिक कसा, असा रोकडा सवाल जावेद अख्तर यांनी केला. घोषित मालिका पुढे पडद्यावर आली नाही.

कायद्याचे उत्तर दिग्दर्शक आणि लेखक या दोघांनाही पुरते सुखावणारे नाही, कारण १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार, म्हणजे निर्मितीवरील हक्क ठरविणाऱ्या कायद्यानुसार, चित्रपटाचा ‘कर्ता’ हा निर्माता मानला जातो. मुख्य दिग्दर्शकालाही सहकर्ता मानावे ही २०१० च्या दुरुस्ती विधेयकातील तरतूद अंतिम कायद्यात टिकली नाही. उलट २०१२ च्या दुरुस्तीने लेखक आणि गीतकार यांचा स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, वाटा बळकट केला, ज्यासाठी राज्यसभेत आग्रह धरणाऱ्यांत जावेद अख्तर अग्रभागी होते. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. दिग्दर्शकाची बाजू त्यामुळे कायद्यात दुबळी आहे. नैतिकदृष्ट्या ती तितकी दुबळी नाही, कारण प्रेक्षकांच्या स्मरणात राहिलेला मोगॅम्बो कागदावरच्या संवादाइतकाच तो पडद्यावर कसा उभा केला गेला यामुळेही घडला आहे.

हक्काचा प्रश्न कर्तेपणापुरताच नसतो; चित्रपट ही प्रदेशांत वाटून विकता येणारी मालमत्ताही आहे, हे मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यालाही परके नाही. हिंदी चित्रपटांच्या वितरणात देशाचे जे विभाग, म्हणजे सर्किट, पाडलेले आहेत, त्यांत परभणीसह मराठवाडा मुंबई विभागात न येता तेलंगण आणि कर्नाटकातील काही जिल्ह्यांसोबत ‘निझाम’ विभागात मोडतो. हा सारा प्रदेश ज्यात होता ते निझामाचे हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, पण व्यापारातील ही सीमा उरली. जिंतूर किंवा गंगाखेड येथे चित्रपट दाखविण्याचा हक्क त्यामुळे मुंबईच्या हक्कापासून निराळा विकला जाऊ शकतो.

निर्माता आणि दिग्दर्शक एकच असला की त्यांच्यातील मालकीचा पेच उरत नाही, तरी वाट सुकर होतेच असे नाही. निर्माता-दिग्दर्शक राकेश रोशन यांच्या ‘कोई मिल गया’ (२००३) या चित्रपटापासून सुरू झालेली मालिका ‘क्रिश ३’ (२०१३) नंतर थबकली ती मुख्यतः खर्चापायी, आणि चौथ्या भागाचे दिग्दर्शन मालिकेचे नायक हृतिक रोशन करणार असून आदित्य चोप्रा निर्मितीत सहभागी होणार असल्याचे जाहीर व्हायला मार्च २०२५ उजाडले.

पुन्हा कायद्याकडे वळायचे तर, प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हा चित्रपटावरील कॉपीराइटचा अवधी असल्याने ‘मिस्टर इंडिया’वरील हक्क २०४७ अखेर संपेल, पटकथा आणि गीते ही मात्र स्वतंत्र साहित्यकृती ठरतात आणि त्यांचे संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते, त्यामुळे चित्रपट सर्वांसाठी खुला झाल्यावरही त्यातील अदृश्य नायकाला घेऊन नवी कथा रचणाऱ्यास लेखकांच्या हक्काचा विचार करावाच लागेल.