सूचना कोण बदलणार?

मुंबई-हावडा लोहमार्गावर रायपूर आणि दुर्गच्या मधे चरोदा लागते. रेल्वेवाले त्याला ‘बीएमवाय’ म्हणतात, म्हणजे भिलाई मार्शलिंग यार्ड. शेजारच्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. कारखाना आणि रेल्वेतल्या नोकऱ्यांमागे देशभरातून माणसे इथे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा गावात वेबसाइट बनवणाऱ्याची गिऱ्हाइके कोण? कोचिंग क्लासवाले, कारखान्याला सुटे भाग पुरवणारे लघुउद्योजक, शाळा, मंडळे. यांतल्या कुणाकडेच संगणक विभाग नसतो. साइट एकदा बांधून होते आणि पुढे ती कार्यालयातल्या लिपिकाच्या किंवा मंडळाच्या चिटणिसाच्या हाती जाते.

साइट वापरायला सोपी आहे का, हे तपासताना सगळे जण वाचकाचा विचार करतात: पान लवकर उघडते का, फोनवर नीट दिसते का, बटण अंगठ्याखाली येते का. हे सगळे हवेच. पण मजकूर बदलणाराही त्या साइटचा वापरकर्ताच असतो आणि त्याची आठवण शेवटी येते. सूचना बदलणे अवघड असेल तर ती बदलली जात नाही. मग जून उजाडतो आणि पानावर मागच्या वर्षीचीच प्रवेशाची तारीख झळकत राहते. पालक ती वाचून फोन करतो, नाहीतर थेट दारात येऊन उभा राहतो. पान कितीही देखणे असले तरी त्याचा हेलपाटा काही वाचत नाही.

वेबच्या जन्मकाळी वाचणारा आणि लिहिणारा असा भेद नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये केलेला पहिला ब्राउझर संपादकही होता. ज्या खिडकीत वाचायचे तिथेच लिहायचे. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांत लिहिण्याची सोय राहिली नाही, आणि तेव्हापासून ती परत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. मे २००३ हा त्यातला महत्त्वाचा महिना. १ मे रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि २७ मे रोजी साइट बनवण्याच्या आणि तिचा मजकूर बदलण्याच्या ‘वर्डप्रेस’ या साधनाची पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या दर पाच साइटपैकी दोनांहून अधिक वर्डप्रेसवर चालतात.

नवे साधन आले की काम सोपे होतेच असे नाही. विकिपीडियाने जुलै २०१३ मध्ये चिन्हांची भाषा न शिकता लिहिता यावे म्हणून ‘व्हिज्युअल एडिटर’ इंग्रजी आवृत्तीत सर्वांपुढे ठेवला. जुन्या संपादकांना तो संथ वाटला, चुकाही निघाल्या, आणि सप्टेंबरपर्यंत तो ज्याला हवा त्यानेच सुरू करावा असे ठरले. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसने ‘गुटेनबर्ग’ हा ठोकळ्यांचा संपादक आणला तेव्हाही जुन्या वापरकर्त्यांत अशीच नाराजी पसरली. जुना संपादक परत आणणारे प्लगइन पन्नास लाखांहून अधिक साइटवर बसवले गेले. या लोकांना हट्टी म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांचे हात एका रीतीला सरावले होते, आणि तो सराव हीच त्यांची कामाची गती होती.

चरोद्यात या सगळ्यात देवनागरीची भर पडते. छत्तीसगडच्या कार्यालयांत ‘कृतिदेव’ या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखन शिकलेली माणसे पुष्कळ आहेत, तशी महाराष्ट्रात श्रीलिपीवर हात बसलेली. कृतिदेवमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठतात ती इंग्रजी अक्षरे. तो मजकूर साइटवर चिकटवला की निरर्थक अक्षरांचा खच पडतो. टंकणाऱ्याची यात काहीच चूक नसते. म्हणून युनिकोडमध्ये रूपांतर करणारे साधन त्याच्या हाताशी देणे, आणि वर्डमधून येणारे रंग, फॉन्ट, आकार चिकटवतानाच गाळून टाकणारी सोय संपादकात ठेवणे, हे डिझायनरचे काम.

मांडणीतही सापळे आहेत. इंग्रजी शीर्षकांत अक्षरे लांब-लांब ठेवायची पद्धत देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे की हिंदी हे सांगावे लागते. ते नीट सांगितले आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. अंध वाचकाचे स्क्रीन रीडरही त्यावरूनच आवाज निवडते. सूचना चित्र करून टाकली तर मात्र या कशाचाच उपयोग नाही. चित्रातली अक्षरे स्क्रीन रीडरला सहसा वाचता येत नाहीत आणि शोधातही सापडत नाहीत. तरी व्हॉट्सॲपवर आलेले सूचनेचे चित्र तसेच साइटवर चढवण्याची सवय सर्वत्र आहे. टंकणे जड जाते, त्याचाच हा परिणाम.

सरकारी साइटसाठी या गोष्टींचे नियम आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. मजकूर कोण देणार, कोण तपासणार, कोण मंजूर करणार हे लिहून ठेवावे आणि पान शेवटचे कधी बदलले ती तारीख दाखवावी, हे त्यांत आहे. चरोदा ज्या दुर्ग जिल्ह्यात येते त्याची साइट याच केंद्राच्या ‘एसथ्रीवास’ या सामायिक व्यवस्थेवर आहे. खासगी शाळेला किंवा मंडळाला असे बंधन नाही, पण कोण देणार, कोण तपासणार याचा कागद त्यांनीही जरूर करावा.

वर्डप्रेसमध्ये हीच विभागणी भूमिकांनी होते. इथे एक खाच आहे. ‘योगदानकर्ता’ मजकूर लिहू शकतो, पण मूळ रचनेत त्याला फोटो चढवता येत नाही. गणेशोत्सवाचा वृत्तान्त लिहायला बसलेला तरुण तिथेच अडतो, आणि मग त्याला सरसकट प्रशासकाचे अधिकार देऊन टाकले जातात. योग्य भूमिका निवडणे पाच मिनिटांचे काम आहे. साइट पुसली गेल्यावर ती उभी करणे नव्हे.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये लिहिले की पाच माणसांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी बाहेर येतात. ही चाचणी वाचकांवर घेतली जाते, संपादकांवर क्वचितच. खरे तर ती सोपी आहे. चिटणिसाला त्याचाच फोन द्यावा, ‘रविवारच्या सभेची सूचना टाका’ एवढेच सांगावे आणि डिझायनरने गप्प बसावे. वर्डप्रेसमध्ये ‘प्रकाशित करा’ हे बटण मूळ रचनेनुसार दोनदा दाबावे लागते. पहिल्यांदा दाबल्यावर तपासणीची पट्टी उघडते. नवखा माणूस काम झाले असे समजून फोन ठेवतो आणि सूचना मसुद्यातच राहते. हे पाहिलेला डिझायनर पसंतीच्या यादीत जाऊन ती तपासणी बंद करतो, त्या खात्यापुरती भाषा मराठी करतो (ही सोय २०१६ पासून आहे) आणि चिटणिसाला न लागणारे ठोकळे लपवून ठेवतो.