लशीची भीती की लस देणाऱ्याची? मुंबईतल्या प्लेगच्या लशीची गोष्ट

2021 आठवतंय? लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, असा एक मेसेज प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरत होता. नाशिकमधून एक व्हिडिओ आला, त्यात लस घेतल्यावर अंगाला चमचे आणि नाणी चिकटत असल्याचा दावा होता. मूल होणार नाही, ही भीती तर गावोगावी होती.

हे सगळं व्हॉट्सअॅपमुळे झालं, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण व्हॉट्सअॅपच काय, घरात साधा फोनही नव्हता, तेव्हाही जवळपास याच अफवा पसरल्या होत्या. आणि त्यामागचं कारण लशीपेक्षा वेगळंच होतं. ते समजून घ्यायचं तर सव्वाशे वर्षं मागे, प्लेगच्या मुंबईत जावं लागेल.

मुंबईत नेमकं काय झालं होतं?

सप्टेंबर 1896. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना काही रुग्णांची लक्षणं वेगळी वाटली. जोराचा ताप, जांघेत आणि काखेत गाठी. हा गाठीचा प्लेग होता. तेव्हा मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. पुढच्या काही महिन्यांत त्यातले साडेतीन लाखांहून जास्त लोक शहर सोडून गेले. गिरण्या ओस पडल्या, बाजार थंडावले. 2020 मध्ये आपण हायवेवर चालत निघालेले मजूर पाहिले, तसंच काहीसं दृश्य तेव्हा बोटींच्या धक्क्यावर आणि रेल्वे स्टेशनवर होतं.

हाफकिन कोण होते?

वाल्देमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली होती. ऑक्टोबर 1896 मध्ये ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह कामाला लागले. प्लेगचे जंतू वाढवायचे, उष्णता देऊन मारायचे आणि ते मेलेले जंतू टोचायचे, म्हणजे शरीर खऱ्या प्लेगशी लढायला तयार होतं. कल्पना एवढीच.

10 जानेवारी 1897 ला त्यांनी ही लस सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या सुमारे निम्म्या कैद्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी नाही. लस घेतलेल्यांमध्ये प्लेगचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं.

म्हणजे लस होती आणि ती काम करत होती. मग लोक पळत का होते?

लस देणारं सरकार आणि दार तोडणारं सरकार एकच होतं

4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा आला. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी लागू केला, तोच हा कायदा. सरकारला कुणाचीही तपासणी करण्याचे, कुणालाही वेगळं ठेवण्याचे अफाट अधिकार मिळाले. पुण्यात प्लेग कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर रँड याने घरझडतीसाठी गोरे सैनिक घरात घुसवले. देवघर, स्वयंपाकघर काही सोडलं नाही. बायकांच्या तपासणीवरून संताप उसळला. 22 जून 1897 ला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलोय.

मुंबईतही वातावरण तापलेलंच होतं. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. हेच आजचं कस्तुरबा रुग्णालय, जिथे मुंबईतले कोरोनाचे सुरुवातीचे रुग्ण दाखल झाले. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, त्याला मारून त्याच्या अंगातून औषधी तेल काढतात, अशी तेव्हाची अफवा होती. आज ऐकायला विचित्र वाटतं. पण ज्याच्या घरातलं माणूस उचलून नेलं आणि पुन्हा दिसलंच नाही, त्याला ती खरी वाटणारच ना?

लशीबद्दलच्या अफवा याच रागातून आल्या. पंजाबात अधिकाऱ्यांनी नोंदवलेल्या काही अफवा बघा: सुई हातभर लांब असते. टोचल्यावर माणूस सहा महिनेच जगतो. पुरुषाचं पौरुष जातं, बाईला मूल होत नाही. 2021 चे फॉरवर्ड आठवले की नाही?

मग लोक तयार कसे झाले?

सक्तीने तर नाहीच. आगाखान तिसरे यांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली, तेव्हा त्यांचे अनुयायी मोठ्या संख्येने पुढे आले. लस घेतलेल्याला क्वारंटाइनमधून सूट देणारे दाखले मिळू लागले. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तिथे 1898 मध्ये हजारो लोकांनी लस घेतली. आपल्या ओळखीचा, विश्वासाचा माणूस आधी हात पुढे करतो, तेव्हा बाकीचे हात पुढे येतात.

आणि मग मुलकोवाल घडलं

30 ऑक्टोबर 1902. पंजाबमधल्या मुलकोवाल गावात 107 जणांना लस टोचली. त्यातल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. हे 19 जण एकाच बाटलीतून लस दिलेले होते. बाकीच्यांना काही झालं नाही.

संशय थेट हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आलं. बाटली उघडताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब चौकशीच्या कागदपत्रांत होती. पण ती लोकांसमोर यायला काही वर्षं गेली. शेवटी 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. परळच्या त्यांच्या संस्थेला 1925 मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं.

पण 19 घरांना आणि लस घ्यावी की नाही या विचारात असलेल्या गावांना खरं उत्तर वेळेवर मिळालंच नाही.

आज याचं काय?

एप्रिल 2024 मध्ये बातमी आली की लशीमुळे अत्यंत दुर्मीळ प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे अॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या कोर्टात मान्य केलंय. आपल्याकडची कोविशिल्ड म्हणजे तीच लस. लगेच 'आमच्यापासून लपवलं' अशा पोस्टचा पूर आला.

प्रत्यक्षात युरोपच्या औषध नियामकाने हा धोका एप्रिल 2021 मध्येच जाहीर केला होता. आपल्या आरोग्य मंत्रालयानेही 17 मे 2021 ला आकडा दिला होता: दर 10 लाख डोसमागे 0.61 संभाव्य प्रकरणं. शिवाय असा त्रास झालाच तर तो सहसा डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. तीन वर्षांनी घाबरण्याचं कारण नव्हतं.

माहिती होती, पण ती लस घेणाऱ्या माणसापर्यंत, त्याला कळेल अशा भाषेत पोचली नव्हती. त्यामुळे तीन वर्षांनी ती कळली, तेव्हा फसवणूक वाटली.

म्हणूनच 'लोक अडाणी आहेत' म्हणून विषय संपत नाही. 1897 मध्ये घाबरलेला माणूस आधी सैनिकाला घाबरत होता, मग सुईला. पुढची साथ येईल, पुढची लसही येईल. तेव्हा ग्रुपवर एखादी काकू 'ही लस घेऊ का गं?' असं विचारेल. तिला हसण्याआधी तिला नेमकी कशाची भीती वाटतेय, ते विचारा. त्रास काय होऊ शकतो, किती जणांना, कोणत्या लक्षणाला डॉक्टर गाठायचा, हे तिला सरळ सांगा. कारण तिला ते तुम्ही सांगितलं नाही, तर फॉरवर्ड सांगेल.