गल्लीतली खांदेरी

दसरा झाला की उरणजवळच्या आमच्या मोऱ्यात पोरं मातीच्या शोधात निघतात. समुद्राकाठच्या गावाला मातीची काय वानवा, असं बाहेरच्याला वाटेल. पण घरांपुढची अंगणं पेव्हर ब्लॉकखाली गेली आणि बंदरातला गाळ हाताशी असला तरी किल्ल्याच्या कामाचा नाही. एक वर्ष आम्ही तो वापरून पाहिला. ओला होता तोवर लोण्यासारखा लिंपला गेला. चौथ्या दिवशी उन्हाने तडकला, बुरुजाची सालपटं निघाली आणि पेरलेल्या हळिवाचा एक कोंब वर आला नाही. खाऱ्या गाळात कोण उगवणार? तेव्हापासून माती आणायची ती भातखाचराच्या बांधावरची. ती आणायला टेम्पो लागतो आणि टेम्पो म्हटला की मोठी माणसं आलीच.

दिवाळीचा किल्ला मुलांचा, असं आपण म्हणतो आणि ते खरंच आहे. पण टेम्पोवाला दादूस भाडं न घेता फेरी मारतो, किराणा दुकानातून रिकामी गोणपाटं येतात, कुणाची आई निवडलेलं हळीव पुडीत बांधून देते, वायरमन संध्याकाळी येऊन दिव्यांची माळ जोडतो. यांची नावं किल्ल्याच्या पाटीवर कधी येत नाहीत. मला या लेखात त्यांच्याविषयीच सांगायचं आहे.

गेल्या वर्षी कोणता किल्ला करायचा यावर चांगलीच चर्चा झाली. आमच्याकडे दरवर्षी रायगड किंवा प्रतापगड ठरलेला. पण जुलै २०२५मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत खांदेरीचं नाव वाचून एका सातवीतल्या मुलाने विचारलं, "हा तर आपल्या बाजूचा ना?" थळच्या किनाऱ्यासमोरचं हे बेट मासेमारीला दक्षिणेकडे जाणाऱ्या आमच्या नाखवांना चांगलं ओळखीचं आहे. तिथला वेताळ कोळ्यांचं श्रद्धास्थान. तरी गल्लीत आजवर एकदाही खांदेरी झाली नव्हती. दर्याकाठच्या मुलांनी दरवर्षी डोंगरच रचावा, हे मलाही त्या दिवशी पहिल्यांदाच खटकलं.

निवृत्त गुरुजींनी ओट्यावर बसून मुलांना हकीकत सांगितली. १६७९मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर तटबंदीचं काम सुरू केलं. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला होतोय म्हटल्यावर इंग्रजांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. बेटावर मायनाक भंडारी, आरमारावर दौलतखान. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून, तर मराठ्यांच्या होड्या उथळ आणि वल्ह्यांनी चालणाऱ्या. वारा पडला की जहाजं जागच्या जागी आणि होड्या रात्रीतून रसद घेऊन बेटावर. हा भाग मुलांना वेगळा समजवावा लागला नाही. भरती-ओहोटी बघून लाँच सुटणाऱ्या बंदरात ती वाढली आहेत. ओहोटीला गाळामुळे भाऊच्या धक्क्याची लाँच अडते, हे त्यांनी घरच्यांची वाट बघताना अनुभवलेलं. १८ ऑक्टोबर १६७९च्या पहाटे मराठा आरमाराने हल्ला केला, 'डव्ह' नावाचं गलबत पकडलं, इंग्रजांच्या बऱ्याच नौकांनी पळ काढला. पुढे जानेवारीत त्यांनी वेढा उठवला, तर लगोलग शेजारच्या उंदेरीवर सिद्दी येऊन बसला. हे ऐकताच पलीकडच्या गल्लीने उंदेरी करायचं जाहीर करून टाकलं.

जलदुर्ग करायचा तर पाणी हवं. होडीवर घालायची निळी ताडपत्री आली. कडेने विटा लावून तिचं तळं केलं. मधोमध दगडांचा ढिगारा, त्यावर मातीच्या राड्यात बुडवलेलं गोणपाट. गोणपाट पिळायचं नाही. राडा गळत असतानाच ते पसरायचं आणि बोटांनी दाबत दगडांच्या खाचांत बसवायचं, म्हणजे सुकल्यावर खडकासारख्या घड्या पडतात. त्यावर गेरू. उतारावर मोहरी पेरली तर घरंगळते. हळीव मात्र भिजलं की बुळबुळीत होतं आणि मातीला चिकटून राहतं. चार-पाच दिवसांत बेट हिरवं दिसू लागतं.

तटाचे दगड मुलं चिखलाने घट्ट बसवत होती. एक वयस्कर नाखवा जाळं विणता विणता बघत होते. ते उठून आले, म्हणाले, "फटी ठेवा रं पोरांनो, पाण्याला जागा पायजे." अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे मोठाले चिरे असेच चुना न भरता एकावर एक रचलेले आहेत. फटींत पाणी शिरतं आणि लाटेचा जोर मोडतो. नाखवांनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मुलांनी अर्धा तट काढून पुन्हा रचला.

खांदेरीवर ठोकला की भांड्यासारखा वाजणारा एक दगड आहे. त्यासाठी एका मुलीने स्टीलची वाटी पालथी घालून वर मातीचा पातळ थर दिला. चाकांच्या गाड्यावरच्या तोफा तिथे आजही आहेत. त्या पेनच्या नळ्या आणि बाटल्यांच्या झाकणांतून झाल्या. वाद झाला दीपगृहावरून. ते १८६७ सालचं, महाराजांच्या किल्ल्यात कसं चालेल, असं गुरुजींचं म्हणणं. मुलांना दिवा हवाच होता. शेवटी दीपगृह झालं आणि त्यावर सालाची चिठ्ठी लागली.

याच धांदलीत नेरुळहून मामाकडे आलेल्या एका छोटीने हॅलोवीनचा विषय काढला. त्यांच्या सोसायटीत मुलं भुतांचे कपडे घालून दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागतात. ऐकणाऱ्या एक-दोन आज्यांनी नाकं मुरडली, पण मला ते परकं वाटलं नाही. कोकणात शिमग्याला सोंगं घेऊन पोस्त मागायला मुलं दारोदार फिरतातच की. शिमग्याच्या लाकडा-गोवऱ्यांच्या चोऱ्याही साऱ्यांना ठाऊक आहेत. अमेरिकेतही हॅलोवीनच्या रात्री पोरांचा धुडगूस चाले. मिनेसोटातल्या अनोका गावात गुरं सोडून देण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा गावकऱ्यांनी १९२०मध्ये एकत्र येऊन मुलांची मिरवणूक काढली, खाऊ वाटला. दम देण्यापेक्षा सण हाती दिला. आमच्या गल्लीतल्या मोठ्यांनीही नकळत तेच केलं आहे. २०२४मध्ये तर नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. आमच्याकडे पहाटे पायाखाली कारीट फुटलं आणि त्याच संध्याकाळी त्या छोटीच्या सोसायटीत मुखवटे निघाले. मी तिला खांदेरीच्या वेताळाची गोष्ट सांगितली. तिने बेटावर वेताळाचं देऊळ स्वतःच्या हाताने केलं आणि शेंदूर मागून घेतला.

गेल्या वर्षी धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला, म्हणजे त्या लढाईच्याच तारखेला होती. इंग्रजांचं तेव्हाचं कॅलेंडर आजच्यापेक्षा दहा दिवस मागे, त्यामुळे तो दिवस तंतोतंत तोच नव्हे, हे गुरुजींनी बजावलं. तरी त्या रात्री दिवे मालवून ताडपत्रीतल्या पाण्यात लढाई झाली. मासळीच्या खोक्यांच्या थर्माकोलची जहाजं, कागदाच्या होड्या, आणि वारा म्हणून दोन पुठ्ठे. पुठ्ठे थांबले की इंग्रज थांबायचे. शेवटच्या लाँचने उतरलेली माणसं पिशव्या हातात घेऊन उभी राहिली. जानेवारी २०२४मध्ये एकाच दिवशी अटल सेतू खुला झाला आणि रेल्वे उरणपर्यंत आली, तेव्हापासून कितीतरी जण बंदराकडे फिरकतच नाहीत. त्यांच्यातलेही काही मुलांना घेऊन मुद्दाम आले होते. माहिती सांगायला प्रत्येक मुलाची पाळी होती. सगळ्यात लहान पोराला फक्त 'दौलतखान' एवढंच पाठ होतं. ते त्याने दर माणसाला सांगितलं.

तुळशीच्या लग्नापर्यंत बेट उभं होतं. हळीव पिवळं पडलं, तटाची एक बाजू खचली. मग एका रविवारी ताडपत्री धुऊन होडीवर गेली, विटा ज्यांच्या त्यांना मिळाल्या, वाटी स्वयंपाकघरात परतली. बांधावरची ती माती गल्लीतल्या बायकांनी तुळशीच्या कुंड्यांत भरून घेतली. वेताळाच्या देवळाचे शेंदूर लागलेले दोन दगड मात्र ती छोटी रुमालात बांधून नेरुळला घेऊन गेली.