प्रकाशाची मात्रा
(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या वर्षीं माझा उजवा खांदा आखडला. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेला हात, तो कानापर्यंतहि जाईना. एका उपचारगृहांत मला खुर्चीवर बसवून खांद्यावर लेसरचें यंत्र टेकविण्यांत आलें. डोळ्यांवर कांहीं घालावयाचें काय, असें विचारतां उत्तर मिळालें, “काका, हा नुसता उजेड आहे.” किती वेळ? “सर्वांनाच दहा मिनिटें देतों.” आपण हें कोठें शिकलांत? “यंत्र विकणाऱ्यांनीं एका दुपारीं दाखविलें.” मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर, वैद्यकशास्त्र मला येत नाहीं. परंतु ज्याचें माप घेतलें जात नाहीं तें औषध नव्हे, एवढें मला कळतें. म्हणून या विषयाची मिळविलेली माहिती आज आपणांपुढें ठेवतों.

प्रकाशानें रोग बरा करण्याची कल्पना नवी नाहीं. त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार केल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. लेसर मात्र पुष्कळ नंतरचा. दिव्याचा प्रकाश अनेक रंगांचा व चहूंकडे पसरणारा. लेसरचा एकाच रंगाचा व एकाच दिशेनें जाणारा. त्याचें तत्त्व आइन्स्टाइन यांनीं १९१७ सालीं मांडलें आणि १६ मे १९६० रोजीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कांडींतून तो प्रत्यक्ष काढून दाखविला. आपल्याकडे तुर्भे येथील अणुशक्तिकेंद्रांत १९६४ सालीं लेसर तयार झाला.

उपचाराचा शोध चुकून लागला. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टचे डॉक्टर एंड्रे मेस्टर हे उंदरांच्या अंगावरील गांठी लेसरनें जळतात काय, हें पाहत होते. त्यांचा किरण फारच क्षीण होता. गांठी गेल्या नाहींत, परंतु भादरलेल्या जागीं केस मात्र लवकर उगवले. क्षीण प्रकाश पेशींना चेतवितो, ही गोष्ट तेथून पुढें आली. आजची समजूत अशी कीं, पेशींतील शक्ति निर्माण करणाऱ्या सूक्ष्म भागांत एक द्रव्य आहे, तें तांबडा व अवरक्त प्रकाश शोषून घेतें आणि पेशीचें काम वाढतें.

आतां मात्रेचा प्रश्न. येथें शाळेंतलें गणितच उपयोगी पडतें. यंत्राची शक्ति गुणिलें सेकंद बरोबर ज्यूल. १०० मिलिवॅटचें यंत्र ४० सेकंद धरलें तर ४ ज्यूल ऊर्जा मिळते. तेंच काम ५०० मिलिवॅटचें यंत्र ८ सेकंदांत करतें. तें सवयीनें ४० सेकंद धरलें तर मात्रा २० ज्यूल, म्हणजे पांचपट होते. शिवाय ही ऊर्जा केवढ्या जागेवर पडली, हेंहि पाहावें लागतें. मात्रा कमी पडली तर गुण येत नाहीं. अति झाली तर चेतना देणारा प्रकाशच पेशीचें काम मंदावतो. शक्ति मोठी असेल तर कातडीहि पोळते. सांवळी कातडी प्रकाश अधिक शोषते व लवकर तापते, ही गोष्ट आपल्या देशांतील उपचारकानें विसरून चालणार नाहीं.

सर्वांत मोठें भय डोळ्यांचें. अवरक्त किरण दिसत नाहीं, म्हणून पापणी मिटत नाहीं. आणि तो दृष्टिपटलावर एका बिंदूंत एकवटतो. गेलेली दृष्टि परत येत नाहीं. यास्तव रोगी व उपचारक या दोघांनींहि त्या त्या किरणासाठीं बनविलेला चष्मा घालावयास हवा; साधा काळा चष्मा उपयोगाचा नाहीं. कर्करोगाच्या गांठीवर, गर्भवतीच्या पोटावर व कंठग्रंथीवर हा किरण धरूं नये, असेंहि शिकविलें जातें.

मग हें सारें थोतांड काय? तसें मुळींच नाहीं. डोकें व मान यांच्या कर्करोगावरील उपचारांत तोंड सोलून निघतें, घांस गिळवत नाहीं. कर्नाटकांतील मणिपाल येथें अशा २२१ रुग्णांवर झालेल्या व २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत लेसरनें तो त्रास कमी झाल्याचें आढळलें. मात्रा मोजून दिली, म्हणूनच तो निष्कर्ष काढतां आला.

तेव्हां प्रश्न यंत्राचा नसून शिक्षणाचा आहे. आपल्या नाशकांतच, म्हसरूळ येथें, १९९८ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. भौतिकोपचाराच्या पदवीसाठीं विद्युत् व प्रकाश यांवरील उपचार हा अभ्यासाचाच भाग असतो. १९२१ नव्हे, तर २०२१ सालीं म्हणजे अगदीं अलीकडे, संसदेनें भौतिकोपचारकांसह अशा व्यवसायांच्या शिक्षणासाठीं व नोंदणीसाठीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. यंत्रविक्रेत्याची एक दुपार या अभ्यासाची जागा घेऊं शकत नाहीं.

पुढें मी दुसऱ्या ठिकाणीं गेलों. तेथील तरुण बाईंनीं आधीं माझी सर्व प्रकृति विचारली, चष्मा दिला, वहींत मात्रा लिहिली आणि म्हणाल्या, “काका, किरणानें दुखणें थोडें हलकें होईल, खांदा मोकळा होईल तो व्यायामानें.” तसेंच झालें. आपणहि उपचारास बसण्यापूर्वीं तीन प्रश्न अवश्य विचारा : आपण कोठें शिकलांत? मात्रा किती देणार? आणि माझा चष्मा कोठें आहे? जाणता उपचारक या प्रश्नांनीं रागावणार नाहीं.