पागडी ते अकरा महिने

शिवाजी पार्कच्या आसपास आज वन बीएचके भाड्याने घ्यायला निघालात, तर भाड्याच्या आकड्याआधी भलतेच प्रश्न समोर येतात. डिपॉझिट किती देणार? लग्न झालंय का? मांसाहार करता का? सोसायटीची एनओसी, पोलीस व्हेरिफिकेशन, महिन्याभराचं ब्रोकरेज, आणि एवढं करून हाती येतो अकरा महिन्यांचा करार. याच भागात १९३०च्या दशकात घरमालक ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लावून भाडेकरूंची वाट पाहत, असं जुने दादरकर सांगत. पाटी ते पोलीस व्हेरिफिकेशन हा प्रवास नुसत्या महागाईने झालेला नाही. त्यात कायद्याचा वाटा मोठा आहे.

१८९६च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी कमी करायला १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या योजनांतून दादर-माटुंग्याची आखीव वस्ती उभी राहिली. पुढे शिवाजी पार्कभोवती दोन-तीन मजली इमारती आल्या. चाळीत वाढलेल्या कारकुनाला, शिक्षकाला ‘सेल्फ कंटेन्ड ब्लॉक’ म्हणजे संडास-मोरी घरात असलेली जागा मिळू लागली. ती विकत घ्यायचा विचारही कुणी करत नसे. प्रतिष्ठित कुटुंबंही भाड्यानेच राहत.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र उलटलं. शहरात माणसं लोटली, बांधकाम रखडलं, फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. भाडी भडकू नयेत म्हणून १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने बहुतेक जुन्या जागांचं भाडं सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकलं आणि ठरावीक कारणांखेरीज भाडेकरूला काढता येणार नाही, अशी तजवीज केली. हेतू योग्य होता. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं टिकला. महागाई वाढत गेली, भाडं तिथेच राहिलं. मालकांनी डागडुजी सोडून दिली आणि जागा हातबदल होताना पागडीचा, म्हणजे एकरकमी मोबदल्याचा, व्यवहार टेबलाखालून होऊ लागला. मोडकळीला आलेल्या इमारतींसाठी अखेर १९६९मध्ये दुरुस्ती मंडळाचा वेगळा कायदा करावा लागला.

याचा फटका आत असलेल्यांना नव्हे, बाहेर उभ्या असलेल्यांना बसला. ज्याच्याकडे जुनी जागा होती तो सुरक्षित होता. नव्याने संसार मांडणाऱ्याला मात्र खोली मिळेना. नवविवाहितांना चाळीत एकांत मिळत नाही, यावर राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७०मध्ये आला, तेव्हा प्रेक्षकांना तो विनोद घरचाच वाटला असणार.

मालकांनी पळवाट काढली ती लिव्ह अँड लायसन्सची. राहणारा भाडेकरू नाही, नुसता परवानाधारक, असं कागदावर लिहायचं. १९७३मध्ये सरकारने ती वाट बुजवली. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरू मानलं जाईल, अशी दुरुस्ती झाली. हजारो कुटुंबांना दिलासा मिळाला, पण मालकवर्गाने त्यातून एकच धडा घेतला: जागा दिली की गेली. भल्या वस्तीतले फ्लॅट कुलूपबंद राहू लागले, किंवा फक्त कंपन्यांना दिले जाऊ लागले.

डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ झाला आणि ३१ मार्च २०००पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्याने कायम ठेवलं, भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली, पागडीही कायदेशीर केली. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट शुल्क आणि झटपट सुनावणी, अशी तरतूद केली. मालकांची भीती ओसरली. कुलपं निघाली. आज भाड्याने मिळणारा जवळजवळ प्रत्येक वन बीएचके याच तरतुदीवर उभा आहे.

दरम्यान १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या नियमाने दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला वाढीव एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, दिली. भाडेकरूंना नव्या इमारतीत मालकीची घरं मिळू लागली. म्हणजे ज्याच्या आजोबांना १९४७च्या कायद्याने तारलं, तो नातू आज त्याच प्लॉटवरच्या टॉवरमधला फ्लॅट अकरा महिन्यांवर देतो, आणि डिपॉझिटसाठी अडूनही बसतो.

मागे वळून पाहिलं तर मुंबईने भाडेकरूला एकदा सगळं दिलं आणि मग जवळजवळ काहीच ठेवलं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क किंवा अकरा महिन्यांचा पाहुणचार, यांच्यामधली जागा रिकामीच राहिली. मुलाची शाळा, आईवडिलांचा दवाखाना, रोजची लोकल यांचा हिशेब अकरा महिन्यांत बसत नाही.

गंमत म्हणजे अकरा महिन्यांना महाराष्ट्रात कायद्याचा आधारही नाही. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या सर्वसाधारण नियमातून ही सवय पडली. आपल्याकडे मात्र १९९९च्या कायद्याच्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. मुद्रांक शुल्काचा पाव टक्क्याचा दरही ६० महिन्यांपर्यंतच्या कराराला तोच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ब्रोकरने छापील अकरा महिन्यांचा मसुदा पुढे केला, की ३६ महिने मागा. दरवर्षीची वाढ आणि दोन्ही बाजूंची नोटीस त्यात आधीच लिहून घ्या. मुदत संपल्यावर जागा परत मिळण्याची हमी मालकाला कायद्याने दिलेली आहेच. तीन वर्षांचं स्वास्थ्य भाडेकरूला मिळालं, तर त्यात मालकाचं काहीही जात नाही.